खड्ड्यातला कोळसा

उत्खननाच्या तंबूत खापरांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. खापरांवर नंबर तरी टाकता येतो; किश्शांचा नुसता ढीग होतो. साठ सालानंतर दोन-तीन हिवाळे मी आगरदांड्याजवळ एका खोदकामावर नकाशे काढायला होतो. तिथले हे काही.

पहिल्याच आठवड्यात आम्ही खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून जमिनीचे चौकोन आखले. त्यात इंचाचाही फरक चालत नाही. सकाळी आमचे सर येऊन बघतात तर दोऱ्यांवर ओळीने बोंबील! खोदायला येणाऱ्या सोनाबाईने वाळत घातलेले.

"दोऱ्या रिकाम्याच व्हत्या, सायेब," ती म्हणाली. वजनाने खुंट्या आत झुकल्या होत्या. दोन दिवसांची मोजणी पुन्हा केली.

खड्ड्याची उभी भिंत म्हणजे सरांचा जीव की प्राण. कुठला थर कुठल्या काळातला, ते सगळं तिच्यावरच वाचायचं. एकदा वरून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांना घेऊन खड्ड्यापाशी पोचलो, तर काय! भिंत वरपासून खालपर्यंत शेणाने छान सारवलेली! थर दिसेनात, त्यांवर लावलेल्या चिठ्ठ्याही नाहीत. सर मटकन खालीच बसले.

"पाव्हना यायचा आनि भिंत तशीच ठेवायची व्हय?" सोनाबाई उलट आम्हालाच विचारत होती.

साहेब थंडपणे म्हणाले, "मी थर पाहिले नाहीत, तसंच लिहीन. तळाशी सापडलेल्या चुलीतल्या कोळशाचं वय प्रयोगशाळेतून काढून आणा. नाहीतर पुढच्या वर्षी परवानगी नाही."

सरांची सगळी मेहनत त्या मूठभर कोळशावर येऊन ठेपली. हात न लावता, चिमट्याने एकेक तुकडा उचलून त्यांनी तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता. तो पाठवायच्या दिवशी सरांनी डबा उघडला. आत ताजा कोळसा, धुराचा वास येणारा.

आमचा स्वयंपाकी धर्माजी दारातच होता. "डबा सरत आला व्हता, म्हनून मी आपल्या चुलीतला भरला."

सरांनी विचारलं, "आधीचा कुठे गेला?"

धर्माजी गोंधळून म्हणाला, "रोज सकाली दात घासायला कुटून तुमच्याच म्होरं ठेवतो की. तुमीच बोललाव, असली राखुंडी घरीपन न्हाय मिलत."