टप कापलेली विलायती गाडी

आधीच सांगून टाकतो, पप्पांना गाडी नको होती. पप्पांना तिकीट पायजे होतं. झेडपीचं. दोनदा सरपंच झाले, आता आख्खा गट लढवायचा, हे ते जेवताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे, बोअरची मोटार चालू करताना बी म्हणायचे. आणि तिकीट कुणाच्या हातात, तर साहेबांच्या. साहेब म्हणजे आमच्या इकडं सगळंच. लोक लग्नाची तारीख त्यांना विचारून काढतेत. मयत झालं तर ते येईपर्यंत सरण पेटवत न्हाईत.

तर एका लग्नात साहेब जेवता जेवता बोलून गेले, "लंडनला गेलतो तवा एका गाडीत बसलो. जुनी. दोनच दारं, लांब नाक. तसली गाडी आपल्या जिल्ह्यात कुणाकडंच न्हाई." एवढं बोलून त्यांनी जिलेबी मागितली. आजूबाजूला बसलेले सगळे ते विसरले. पप्पांनी ते वाक्य घरी आणलं.

शोधायचं काम माझ्याकडं, कारण मी दिवसभर फोनवरच असतो म्हणे. खरं सांगू, लई मजा आली! तोपर्यंत मला गाडी म्हणजे काळी काच आणि मोठे टायर एवढंच कळत होतं. मग हे जग उघडलं. ग्रँड टूरर म्हणतेत त्याला. रेसची गाडी न्हाई आणि बायकापोरं कोंबायची बी न्हाई. दोन माणसं, दोन बॅगा, आणि एका देशातून दुसऱ्या देशात एका दमात जायाचं, त्यासाठी इंग्रजांनी केलेली. मी व्हिडिओ बघून बघून येडा झालतो. मम्मी म्हणायची, "ह्याला पोरगी दाखवा, हा गाडीच्या प्रेमात पडलाय."

सापडली पुण्यात. एक म्हातारे इंजिनियर होते, त्यांच्या बंगल्यात, चादर पांघरून. गडद हिरवी. त्यांनी चादर काढली आणि मी तोंड उघडं ठेवून उभा. आत लाकडाचा डॅशबोर्ड, लाल चामड्याच्या सीटा, वास असा की जुन्या पुस्तकात नाक घातल्यासारखा. त्यांनी माझा हात धरून टपावर ठेवला. "ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. मशीनमध्ये नाही, माणसानं हातोडीनं ठोकून आकार दिलाय. बघ, कुठं सांधा लागतोय का?" न्हाई लागला. पप्पा तिकडं फोनवर बोलत होते, "हो हो, साहेबांसाठीच घेतोय." म्हाताऱ्यांनी ते ऐकलं. चावी दिली आणि आत गेले. निरोपाला बाहेर आलेच न्हाईत.

येताना मी चालवली. नगर सोडलं, आष्टीकडचा रस्ता मोकळा लागला आणि मी पाय दाबला. त्या इंजिनाचा आवाज ओरडल्यासारखा न्हाई येत, खालच्या पट्टीत कुणीतरी गातंय तसा येतो. दोन्ही बाजूला तुरीची रानं मागं पळायली होती. पप्पा खिडकीवर हात टाकून बसले होते आणि हसत होते. तिकिटाचं नाव पण न्हाई काढलं तासभर. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं.

गावात आल्यावर जे व्हायचं ते झालं. पूजेला मामानं नारळ खाली फोडायचा सोडून बॉनेटवर आपटला. खड्डा पडला. पप्पा म्हणले, "असू दे, शुभ असतं." मागच्या काचेवर साहेबांचा हात जोडलेला फोटो चिकटवला, इतका मोठा की मागचं काहीच दिसंना. गाडी इतकी खाली की प्रत्येक गतिरोधकाला सगळ्यांनी उतरायचं आणि मी एकट्यानं तिरकी करून काढायची. पारावरची मंडळी वाटच बघत बसायची.

"सरपंच, गाडी बसलीय का झोपलीय?"

"बे, खाली वाकून नमस्कार करून बसावं लागतंय हिच्यात."

"मागच्या एवढ्याशा सीटवर कोण बसायचं? कोंबड्या?"

मला काही वाटत नव्हतं. मी रोज सकाळी तिला चालू करायचो, चोक ओढून, पहिल्यांदा खोकायची, मग सूर लागायचा. कपडा मारायचो. टपावरून हात फिरवायचो. गाडी माझी होती, पप्पांना फक्त ते म्हाईत नव्हतं.

मग साहेबांचा वाढदिवस आला. नाक्यापासून मैदानापर्यंत मिरवणूक, आणि साहेब कुणाच्या गाडीत बसणार ह्यावर सगळं ठरायचं. हे आमच्याकडं पोराला बी कळतं. ज्याच्या गाडीत साहेब, त्याला तिकीट. पप्पांच्या विरोधात एकच माणूस होता, शेजारच्या गावचे आप्पा, ऊसतोडीचे मोठे मुकादम, आणि त्यांच्याकडं उघडी जीप.

साहेबांचा पीए गाडी बघायला घरी आला. भोवती फिरला. चहा प्याला. म्हणला, "सरपंच, झ्याक हाय गाडी. पण साहेब उभे कुठं राहणार?"

पप्पांना कळलं न्हाई. "उभे कावून? बसतील की. सीट बघा कशी हाय."

"साहेबांना आत बसवून मिरवता का? लोकांला काय, काच दाखवायची? साहेब उभे पायजेत. हात हलवायला पायजेत. फुलं अंगावर पडायला पायजेत. न्हाईतर मग आप्पांची जीप हायच."

तो गेला. पप्पा ओसरीवर बसून गाडीकडं बघत राहिले. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं, ते टपावर होते.

"पप्पा, न्हाई."

"कारखान्याच्या चेअरमनच्या गाडीला असतंय की वर उघडायचं."

"ते कंपनीतून येतंय पप्पा. हिला कापलं तर संपली ती. ह्या पत्र्याला कुणी हात लावायचा नसतो."

"टपाला काय सोनं लागलंय का?"

मम्मी आतून ओरडली, "तुमच्या डोक्याचा टप कापून घ्या आधी, हवा लागंल जरा!"

पप्पा हसले न्हाईत. म्हणले, "आयुष्यात एकदा साहेब आपल्या गाडीत बसतेत. चावी आण."

बीडला एक जण टेम्पोच्या बॉड्या बांधतो, जीपचे टप कापतो, प्रचाराच्या गाड्या त्याच्याकडंच होतेत. त्यानं गाडी बघून शिट्टी मारली. खडूनं टपावर चौकोन काढला, असा जसा शेतात बांध आखतेत. "एवढं बास का? साहेबांचं पोट धरून?" त्याची माणसं खिदळली. पप्पा म्हणले, "चार बोटं अजून घे."

ग्राइंडर चालू झाला. ॲल्युमिनियमला ठिणग्या पडत न्हाईत, नुसती किंकाळी येती. पांढरा भुगा लाल चामड्यावर बसत होता. आतलं टपाचं कापड लोंबायला लागलं, त्यानं ते कात्रीनं उडवलं. मी म्हणलं थांबा जरा, सीटवर काहीतरी टाका, तर तो म्हणला, "पुसून निघतंय." चौकोन खाली पडला तवा पातेलं पडल्यासारखा आवाज आला. इतकाच. त्यानं विचारलं, "हे नेता का ठेवू?" पप्पा म्हणले ठेव. त्यानं तिथल्या तिथं पाण्याच्या बॅरलवर झाकण म्हणून ठेवला. एकदम बरोबर बसला.

कडेला टेम्पोच्या दाराचं रबर लावलं, धरायला पाइपाचं हँडल, चंदेरी रंग मारून. पप्पा आत घुसले, चपला घालूनच सीटवर उभे राहिले, भोकातून अर्धे बाहेर आले आणि त्या रिकाम्या शेडकडं बघून हात हलवला. "कसं दिसतंय?"

मी म्हणलं, "भारी."

वाढदिवसाच्या दिवशी नाक्यावर पाय ठेवायला जागा न्हाई. डीजे असा की छातीतलं हाड हलायलंय. जेसीबीचं बकेट झेंडूनं भरून वर धरलेलं, आणि ऑपरेटरला पप्पांनी स्वतः जाऊन सांगितलेलं, साहेब वर आले की हिरव्या गाडीवर ओत. मी स्टिअरिंगवर. पप्पा पांढऱ्या कपड्यात दार धरून उभे, घाम पुसत. आप्पा थोडं पुढं त्यांच्या जीपपाशी, बारीक तोंड करून.

साहेब उतरले आणि दुसरीकडं कुठंच न बघता सरळ आमच्या गाडीकडं आले! पप्पांचा श्वास मला ऐकू आला. साहेबांनी समोरच्या चाकावरच्या गोलाईवरून हात फिरवला, अगदी हळू, मी फिरवायचो तसा. वाकून आत बघितलं. डॅशबोर्डच्या लाकडाला बोट लावलं. त्यांना खरंच कळत होतं. मग त्यांनी वर बघितलं.

"हे काय?"

"साहेब, तुमच्यासाठी केलंय. उभं राहायला."

"कापली?"

"होय साहेब." पप्पा हसत होते अजून.

साहेब सरळ झाले. "येड्या, अशी गाडी मी किती वर्षं बघतोय. तुझ्याकडनं मागून घेणार होतो." मग आप्पांकडं वळले, आणि डीजेच्या वर आवाज काढून म्हणले, "ह्याला गाडी संभाळता आली न्हाई, हा गट काय संभाळील?"

हशा पिकला. पीए सगळ्यात जोरात हसला. तोच पीए. आमच्या गावची पोरं, जी आमच्याच ट्रॅक्टरमध्ये बसून आलती, ती बी हसली. साहेब चालत गेले आणि आप्पांच्या जीपवर चढले.

पप्पांना काय करावं कळंना, ते पटकन गाडीत शिरले आणि दार लावलं, जसं काही दार लावल्यावर ते दिसणार न्हाईत. आणि तेवढ्यात ऑपरेटरनं, त्याला वाटलं आत साहेबच शिरले, बकेट उलटं केलं. आख्खं. झेंडू ओला होता, पाणी मारलेला. भोकातून धबाधब आत आला, आमच्या डोक्यावर, मांडीवर, गिअरवर, पप्पांच्या तोंडात. बाहेर शेकडो मोबाइल वर झालते.

मागून हॉर्न वाजायले. बाहेर निघायला जागा नव्हती. पप्पांनी तोंडातल्या पाकळ्या थुंकल्या आणि म्हणले, "चल, घे पुढं."

"घरी जाऊ पप्पा."

"गेलो तर म्हणतील फुटला. घे पुढं."

आणि ते उभे राहिले. त्या भोकातून, केसात झेंडू, हँडल धरून, साहेबांच्या नावानं घोषणा द्यायला लागले. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते, चपलांना पाकळ्या चिकटलेल्या. पुढच्या जीपमधून आप्पांनी मागं वळून हाक मारली, "सरपंच, बसा की खाली, ऊन लागंल!" परत हशा. पप्पा घोषणा देतच राहिले, आवाज बसला तरी. मैदानावर साहेबांनी आप्पांचं नाव जाहीर केलं तवा पहिली टाळी पप्पांनीच वाजवली.

प्रचार सुरू झाल्यावर पीएचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. "सरपंच, आप्पांच्या जीपचं काम निघालंय. तुमची गाडी लावा की प्रचाराला. भोक तयारच हाय. आणि पोरगं बी पाठवा, ती दुसऱ्या कुणाला चालवता येत न्हाई."

मम्मीनं पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणले, "होय साहेब." पीएला बी साहेबच म्हणले.

मग मी सगळा गट हिंडलो. पहिल्या गिअरमध्ये, प्रचाराच्या भोंग्याच्या रिक्षामागं, इंजिन तापून तापून. आप्पा बूट घालून लाल चामड्यावर उभे, त्यांचा गुडघा माझ्या कानाला लागायचा. तंबाखू थुंकायचे ते कधी कधी बाहेर पडायचं, कधी आत. चामडं उसवलं, आतला काथ्या वर आला. गाडी कुठं बंद पडली की आप्पा वरून पायानंच माझ्या खांद्याला टोचायचे, "ए विलायत, चालू कर."

शेवटी आमच्या गावात आलो. पारापाशी पप्पा हार घेऊन उभे होते, तेच पांढरे कपडे, इस्त्री केलेले. हार वर पोचंना म्हणून त्यांनी टाचा उचलल्या. आप्पांनी मान थोडी सुद्धा खाली केली न्हाई. पप्पांनी दोनदा उडी मारल्यासारखं केलं, तवा कुठं गळ्यात गेला. मग ते माझ्या खिडकीपाशी वाकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

म्हणले, "पुढं खड्डा हाय. हळू घे, आप्पा पडतील."