मोठा घास

तारांगणात त्याला सगळे ‘आकाशवाणी’ म्हणत. घुमटाखालचे दिवे मालवले की त्याचा आवाज सुरू होई, आणि दिवे पुन्हा लागायच्या आत तो मागच्या दाराने निघून गेलेला असे. आवाज गावभर ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. त्याला ते बरं वाटे. अंधारात माणसाचं ओझं कमी होतं.

मग त्याच घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी ठरली, जीवावरचं टळलं. आवाजाबद्दल डॉक्टर नुसतं ‘बघू’ म्हणाले. नळीतून जेवण, पाटीवर बोलणं. पाटीवर धड भांडताही येत नसे. त्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच बायको जिंकून स्वयंपाकघरात गेलेली असे.

आज नव्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होतं. जमलं नाही, तर दुसरा आवाज घ्यावा लागेल, असं संचालिकेने नजर चुकवत सांगितलं होतं. संहिताही तिचीच. काचेपलीकडे ती, ध्वनिमुद्रक आणि पाटी मांडीवर घेतलेली बायको.

“प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या पोटात एक कृष्णविवर असतं,” तो वाचू लागला. आवाज खरवडून काढल्यासारखा, पण निघाला. “जवळ येईल ते सगळं ते गिळून...”

‘गिळून’शी घसा आवळला. त्याने घाईघाईने पाण्याचा घोट घेतला, आणि असा ठसका लागला की पाणी थेट मायक्रोफोनवर.

“अहो, सावकाश! कुणी मागे लागलंय का?” बायको ओरडली.

“आज आकाशवाणीवरच पाऊस,” ध्वनिमुद्रक म्हणाला.

संचालिका फडकं घेऊन आत आली. मायक्रोफोन पुसता पुसता थांबली. “काका, माझंच वाक्य चुकलं. सगळं कुठे गिळतं ते? घास मोठा झाला की त्यालाही ठसका लागतो. आत पडणारा वायू इतका तापतो की त्याच्या झोताने बाकीचा वायू बाहेर ढकलला जातो. मग दीर्घिकेत नवे तारे कमी जन्मतात आणि कृष्णविवरही उपाशी राहतं. दोघं एकमेकांना आवरत वाढतात.”

“आमच्यासारखंच की,” बायको दारातून म्हणाली. “फक्त त्यातलं कृष्णविवर कोण, ते विचारू नका.”

तो हसला. किती दिवसांनी हसण्याला आवाज होता.

संचालिकेने ते वाक्य खोडून नवं लिहून दिलं आणि दोघी काचेपलीकडे परतल्या. त्याने नवं वाचलं. जुनी गोलाई गेली होती. आवाजाच्या तळाशी खडी लागत होती. पण शब्द अडला नाही. वाक्य संपलं. काचेपलीकडे बघत त्याने कागदाची कड घट्ट धरली.

“पुढचं पान घ्या, काका,” संचालिका म्हणाली.

बायकोने पाटी पिशवीत टाकली. “शेजारच्या पोरांना देऊन टाकते. चित्रं काढतील.”

त्याने पुन्हा पेला उचलला. या वेळी लहान घोट. सगळे बघत राहिले. पाणी सरळ खाली उतरलं.