मामांच्या फाट्यावरची मोटार

सरकारने माणसं मोजायचं काम माझ्या चुलतमामांवर सोपवलं असतं, तर देशातलं सगळ्यांत मोठं शहर त्यांचं गावच ठरलं असतं. परतवाड्याच्या अलीकडचं ते गाव म्हणजे कपाशीत विसरून राहिलेली मूठभर घरं. पण लोकसंख्या विचारली की मामांचा उलटा सवाल ठरलेला, "कोन्त्या दिवसाची? रोजची, का पोळ्याची?" मुंबईच्या गिरणीत गेलेले, अकोल्याच्या जठारपेठेत दुकान टाकून बसलेले, सगळे त्यांच्या लेखी गावातच. लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा! मी एकदा म्हटलं, "मामा, त्या तर सासरच्या गावात धरतात." तर भडकलेच. "कावून? पोरगी देल्ली म्हंजे काय गावातून खोडली? दोनीकडे मोजा!"

हा सगळा खटाटोप मोटारीसाठी. वस्ती थोडी म्हणून मोटार गावच्या फाट्यावर थांबत नसे. मामांची एकुलती लेक सुमन अकोल्याला दिलेली. एवढ्या लांब बैलगाडीची यातायात कोण करणार म्हणून सासरचे तिला वर्ष वर्ष पाठवत नसत, आणि मामा इकडे झुरत. "मोटार झाली, तं सकायी निघाली पोरगी का संध्याकायी मायच्या चुलीपाशी," हे त्यांचं स्वप्न. कचेरीत जोडे झिजवून त्यांनी महिनाभराची परवानगी आणली. उतारू मिळाले तर मोटार थांबत राहणार, नाहीतर बंद.

झालं! मामांनी गावाचा पिच्छाच पुरवला. कुणाचा दात दुखला, "परतवाड्याले जा." ज्याचा दुखत नव्हता त्यालाही, "दाखवून तं ये!" कुणीच गळाला लागलं नाही की स्वतः जायचे, तिकडे एक कप चहा प्यायचे आणि परतीच्या गाडीने घरी. वर कंडक्टरलाच दटावायचे, "मांगच्या सीटा कावून खाली दिसून राहिल्या?" मामी बिचाऱ्या कपाळाला हात लावून बसायच्या.

शेवटी तपासणीचा दिवस आला; सुट्टीत मीही मामांकडेच होतो. मोठे साहेब खुद्द त्या गाडीने येणार होते. दिवाळीला आलेली सुमनही नेमकी त्याच सकाळी परतवाड्यावरून सासरी निघणार होती. आदल्या दिवशी मामांनी घरोघर सांगितलं, "उद्या सारे फाट्यावर या." आणि आलं की हो अख्खं गाव! पाटलांच्या घरचे, विहाराकडच्या बाया, पिंजारी चाचा, काठी टेकत म्हातारे. साहेब उतरले आणि गर्दी बघून खूश झाले. कंडक्टरने दार उघडलं. सुमन चढली, न्यायला आलेला दीर चढला, ट्रंक चढली. बाकी गाव डोळ्यांना पदर लावून जागच्या जागी उभं.

"अहो, हे बाकीचे?" साहेबांनी विचारलं.

"आमी तं पोरीले वाटी लावाले आलो," एक आजी नाक पुसत म्हणाली.

आमच्याकडे कुणाचीही लेक निघाली की गाव पोचवायला येतं. मामांनी 'या' म्हटलं होतं, 'बसा' म्हणायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. साहेबांचा चेहरा पडला. मामा क्षणभर पांढरे झाले आणि मग असे गरजले की बैल बुजावेत, "अबे, पोचवाचंच हाय तं परतवाड्यापर्यंत पोचवा नं! चढा!"

आणि गाव चढलं! कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या पायात वहाण नाही, मामी लेकीला घट्ट चिकटलेल्या. मामा एकेकाला मागून ढकलत होते. दारात माणसं लोंबायला लागली तेव्हा साहेब हसत सुटले. "पुरे हो! राहील तुमची गाडी!" म्हणाले, ड्रायव्हरच्या दारातून आत शिरले, आणि घंटी वाजली.

धुरळा बसला तेव्हा सडकेवर मी आणि मामा दोघेच उरलो होतो. आनंदाने मी त्यांना मिठी मारायला गेलो, तर ते टोपी हातात घेऊन नुसते उभे.

"खिडकीत दिसली का रे तुले सुमी?" त्यांनी विचारलं. "मले तं गर्दीत दिसलीच नाई."

मलाही दिसली नव्हती. पण त्यांचं तोंड बघून खरं सांगवेना. "दिसली की मामा," मी म्हटलं, "हात करत होती तुम्हाला."

"हात करून राहिली होती?" मामा म्हणाले, आणि त्या रिकाम्या सडकेकडे बघत त्यांनीही हात वर केला.