टाकून दिलेली हाक

खटपट्याला मंडळी उगाच खटपट्या म्हणत नसत. नाटकांना आवाज पुरवणं हा त्याचा धंदा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकोन मांडायचे, एकाची तार दुसऱ्याला जोडायची, की कळ दाबताच वादळ काय, टापा काय, हवं ते वाजायचं. "त्या तारांशीच संसार थाटायचा होता की!" बायको म्हणायची.

मग बायकोच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. पठ्ठ्या रडत बसला नाही. तिची रोजची वाक्यं तिच्याच आवाजात भरून घेतली आणि खाटेशी मोठ्या कळांची पाटी ठेवली. कळ दाबली की निरोप रांगेत लागायचा आणि घरभर तिचा आवाज उमटायचा. "पाणी हवंय." "पंखा बंद करा." "अहो, जरा या ना."

पण तिचा हात कापायचा. एकदा दाबायला जावं तर कळ चारदा दबायची, आणि रांग संपेपर्यंत "पाणी हवंय, पाणी हवंय" चालूच. ती आधी हसली, मग वैतागली. म्हणून खटपट्याने रांगेच्या तोंडाशी गाळणी बसवली. मागचाच निरोप पुन्हा आला की टाकून द्यायचा, वेगळा आला तरच पुढे सोडायचा.

"बाबा, आईला खरंच पुन्हा हाक मारायची असली तर?" भेटायला आलेल्या लेकीने विचारलं. "थोड्या वेळाने गाळणी मागचं विसरेल असं करा ना."

"करतो गं उद्या. मला नको शिकवूस!"

नाटकात तोच निरोप पुन्हा आला तर ती चूकच असते. घरात तसं नसतं, पण हे त्याच्या टाळक्यात शिरेल तर ना! तो उद्या काही उजाडला नाही.

त्या दुपारी तो शेजारच्या खोलीत नव्या नाटकाचं वादळ जुळवत होता. "अहो, जरा या ना," आवाज आला.

"आलोच हं!" म्हणाला, आणि बसून राहिला. पुन्हा हाक आली नाही, तेव्हा घाईचं काही नसेल असं त्याने धरलं. हातचं काम उरकून गेला, तर तिची मान कलली होती. बोट कळेवरच होतं.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. लेक आली, राहिली, परत गेली.

घर रिकामं झाल्यावर तिचा आवाज ऐकायला त्याचा जीव तुटायला लागला. मशीन कुणी बंद केलं नव्हतं. खाटेवर बसून त्याने तीच कळ दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. काही नाही. तार निसटली असेल म्हणून बघायला उठला. तार धडधाकट होती. गाळणी आपलं काम चोख करत होती. शेवटचा निरोप हाच होता, म्हणून ती तो टाकून देत होती. त्या दुपारीही टाकत होती. किती वेळा, ते कळायला मार्ग नव्हता, कारण टाकलेलं कुठेच राहत नाही.

तो हमसून हमसून रडला. मग गाळणी काढली, तार सरळ जोडली आणि कळ दाबली.

"अहो, जरा या ना."

"आलो गं," तो म्हणाला.

त्याने पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. ती प्रत्येक वेळी बोलावत होती, आणि तो प्रत्येक वेळी तिच्या रिकाम्या खाटेवरून "आलो, आलो" म्हणत होता.