देश कुठला तुमचा?

एसटी स्टँडजवळ माझं पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. लोक विचारतात, तेच तेच लिहून कंटाळत नाहीस? अहो, माणसाला नाव-गाव-देश एवढंच विचारा, तो असा काही सुटतो की फॉर्म राहतो बाजूला आणि किस्सा मात्र माझ्याकडे जमा होतो!

*

संगमेश्वरकडच्या पार्वतीकाकू लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघाल्या होत्या.

"काकू, देश कुठला तुमचा?"

काकू भडकल्याच. "देशावरचे नाय हो आम्ही! सात पिढ्या घाट चढलो नाय!"

मी गुपचूप 'भारतीय' लिहिलं.

*

मिरकरवाड्याचा इम्तियाज मालवाहू जहाजावर खलाशी. मालक ग्रीक, कॅप्टन युक्रेनचा, साखर ब्राझीलची आणि झेंडा पनामाचा.

"पनामाला गेलायस कधी?"

"नाय. पनामाचं बोटीवर फक्त नाव. मागे रंगवलेलं. मीच रंगवलं, तर मधला एक 'ए' राहिला. तीन महिने आम्ही पनमा देशाचे!"

"कोणी हटकलं नाही?"

"हटकतात कसले! एका बंदरात ऑफिसरने कागदावर तसंच उतरवून घेतलं!"

*

आमचे लिमयेसर निवृत्त झालेत. त्यांच्या जुन्या बॅचचा व्हिडिओ कॉल माझ्याच कॉम्प्युटरवरून झाला. सरांनी हुकूम सोडला, "आधी प्रतिज्ञा!"

ह्यूस्टनचा प्रकाश चाचरला. "सर, मी आता तिकडचा सिटिझन. 'भारत माझा देश होता' म्हटलं तर चालेल?"

"बरं, निदान सारे भारतीय माझे बांधव आहेत, एवढं तरी म्हण!"

"त्यातही घोळ आहे, सर. सख्ख्या भावाशीच बागेवरून केस चालू आहे."

*

मांडवीच्या हसीनाखालांचा एक मुलगा कुवेतला, एक लंडनला, एक टोरांटोला. तिघांकडे आळीपाळीने जातात. मी म्हटलं, "खाला, तुम्हाला सगळं जग जवळ झालं!"

"कसलं जवळ रे बाबा? इथं जवळ देवरूखला नणंद आहे, सात वर्षं तिच्याकडे जाणं झालं नाय!"

*

परवा भाऊकाका आले. सोबत त्यांचा निखिल, आता अमेरिकन नागरिक. परदेशी माणूस घरी राहिला की पोलिसांसाठी फॉर्म भरावा लागतो, तो भरायचा होता. दाराशी त्यांच्या आंब्याच्या बागेचा राखणदार दिलबहादूर उभा. मूळचा नेपाळचा, वीस वर्षं इथेच.

"येण्याचं कारण?" मी विचारलं.

"टुरिझम," निखिल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

काका रस्त्याकडे बघत राहिले.

"पाहुणा तुमचा कोण, काका?"

"मुलगा. तसं लिहायला जागा आहे ना रे?"

"आहे. राहण्याचा पत्ता?"

निखिलने काकांकडे पाहिलं. काका चष्मा शोधायला लागले. दिलबहादूरने दारातूनच सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, वाडी, पोस्ट, पिनकोड घडाघडा सांगून टाकला.

"आणि मुक्काम किती दिवस?"

निखिल तिकीट शोधत राहिला.

शेवटी दिलबहादूर दोन पावलं आत आला आणि हळूच म्हणाला, "दहा दिवस लिहा, साहेब. बाहेरचा माणूस बागेत जास्त दिवस ठेवायचा नाय, मालकांचा नियम हाय."