चिंचेने घासलेलं इंजिन

केतकीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "काका, बाबा गेले. सकाळीच. ही वॉज स्लीपिंग," एवढंच ती बोलू शकली. तिचे बाबा म्हणजे माझा मित्र मनोहर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. फोन ठेवला, डोळे भरून आले, आणि लिहायला संकोच वाटतो, पण त्याच वेळी फार हलकंही वाटलं. गेल्या महिन्यात त्याला भेटायला गेलो नसतो तर हा लेख मी लिहिलाच नसता, आणि लिहिला असता तर तो खोटा झाला असता.

२००१ साली मी मुलाकडे पिस्कॅटवेला कायमचा राहायला आलो. बायको आधीच गेलेली, मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, मी खिडकीत. मनोहर पलीकडच्या रस्त्यावर राहायचा, इथेच इंजिनिअर म्हणून उमेदीची वर्षं काढून निवृत्त झालेला. "खिडकीतून किती अमेरिका बघणार?" म्हणत तो मला एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेला. तिथे महिन्यातून एकदा जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांचा बाजार भरायचा. "पोरांचा खेळ दिसतोय," मी म्हणालो. "पोर दाखव एक तरी," तो म्हणाला. खरंच, झाडून सगळे पांढऱ्या केसांचे! मनोहरचं टेबल कोपऱ्यात असे. तो काही विकत नसे, फक्त विकायला काढलं तर काय येईल ते सांगे, तेही फुकट. कुणाचे वडील, कुणाचा नवरा गेला की घरची माणसं तळघरातली खोकी घेऊन मोठ्या आशेने त्याच्याकडे यायची. तो आधी खोकं बघायचा, मूळचं आहे का, कडा शाबूत आहेत का. मग इंजिन उलटं करून स्क्रू न्याहाळायचा. "खाचेत चरा दिसला की समजायचं, ह्याच्या पोटात कुणीतरी हात घातलाय," मला शिकवायचा. एकाने आपला संच दुर्मीळ असल्याचं ठासून सांगितलं, तर हा शांतपणे म्हणाला, "ह्याच हॉलमध्ये असे चार आहेत. पाचवा तुमचा." तो माणूससुद्धा हसला. मनोहरने सांगितलेल्या किमतीवर तिथे कुणी वाद घालत नसे. त्याच्या शब्दाला असलेला हा मान माझ्यामुळे गेला. तीच गोष्ट मला सांगायची आहे.

तीन-चार वर्षांनी मार्था नावाच्या बाईंनी त्यांच्या नवऱ्याचं एक पितळी इंजिन मनोहरकडे आणून दिलं. हाताने बनवलेलं, बिनरंगाचं, तळहाताएवढं. खोक्यातला जुना स्पंज कुजून पितळेवर काळे डाग पडले होते. मनोहर नेमका आठवडाभर प्लेनोला केतकीकडे निघाला होता आणि त्याच्या तळघरात पाणी आलेलं, म्हणून खोकं त्याने माझ्याकडे ठेवलं. त्याच आठवड्यात दसरा आला. बायको गेल्यापासून देवाची भांडी मीच घासतो. समई, तांब्या, निरांजन झालं, चिंच उरली होती... मनात आलं, बिचारं इंजिन किती काळवंडलंय, मनोहर खूश होईल. चिंच, मीठ, घासणी. असं झळझळलं म्हणता! पाटावर मुलाच्या लॅपटॉपशेजारी आणि गाडीच्या किल्ल्यांशेजारी मांडलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि पुसून परत खोक्यात ठेवलं. मनोहरला काही बोललो नाही, म्हटलं उघडेल तेव्हा चकित होईल.

खोकं उघडलं ते हॉलमध्ये, मार्थाबाई आणि घ्यायला आलेल्या गृहस्थांसमोर. त्या गृहस्थांनी इंजिन दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "हू डिड दिस?" अशा इंजिनांच्या पितळेवर बनवतानाच एक पातळ पारदर्शक थर देतात म्हणे. काळ्या डागांसकट तो थर असता तरी चाललं असतं, मी तो साफ खरवडून काढला होता. आता इंजिनाला किमतीचा जेमतेम चौथा हिस्सा आला असता. मनोहरने इंजिन नाकाजवळ नेलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आय डिड." मी त्याच्या शेजारीच उभा होतो. परत येताना गाडीत मी थंडीविषयी बोलत राहिलो.

हॉलमध्ये त्याला कुणी टाकून बोललं नाही, पण खोकी दुसऱ्या टेबलाकडे जाऊ लागली. ज्याला पितळ घासू नये एवढं कळत नाही, त्याला विचारायचं काय! काही महिन्यांनी त्याने जाणंच सोडलं. "गुडघे दुखतात," म्हणाला. "थंडीही फार असते," मी म्हणालो.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून शेवटी सगळं सांगून टाकलं. तो डोळे मिटून हसला. "अरे, इंजिनाला आमटीचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. चार वर्षं थांबलो, भल्या माणसा..." थोडा दम घेऊन म्हणाला, "पण हे मला सांगून काय उपयोग? हॉलमध्ये जाऊन सांग. मला पुन्हा जायचंय तिथे."

त्याला काही जाता आलं नाही. तो गेल्यानंतर बाजार भरला त्या पहिल्या शनिवारी मी गेलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत, उभ्याने, सगळ्यांना सांगितलं. कुणीतरी टोपी काढली. मार्थाबाई मात्र चिडल्या. "चार वर्षं तो जिवंत होता," म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, चिंच म्हणजे काय? मी सांगितलं. त्यांनी कागदावर स्पेलिंग लिहून घेतलं.

ह्या महिन्यात पुन्हा गेलो. कोपऱ्यातलं टेबल मांडलं होतं, खुर्ची रिकामी. टेबलावर ते इंजिन होतं, बाईंनी विकलंच नव्हतं. तिथल्या पद्धतीप्रमाणे दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, वस्तूत जो दोष असेल तो घेणाऱ्याला कळावा म्हणून बांधतात तशी. किंमत लिहिलेली नव्हती. बाईंच्या तिरप्या अक्षरात दोनच ओळी होत्या. चिंचेने घासलेलं. मनोहरने नव्हे.

मी चष्मा पुसून त्या पुन्हा वाचल्या. मग खिशातलं पेन काढलं आणि खाली माझं नाव लिहिलं.