चुकामूक

माझ्या आत्याचं आणि आतोबांचं लग्न एका करारावर टिकलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं एका मोठ्या बाजारात हरवली. आत्या आतोबांना शोधत पुढच्या गल्लीत, आतोबा आत्याला शोधत मागच्या गल्लीत. ती मागे आली तोवर हे पुढे. दुकानांची शटरं पडायला लागली तेव्हा कुठे दोघं एकमेकांवर आदळली आणि भर रस्त्यात भांडली. तिथेच आतोबांनी ठरवून टाकलं, "यापुढे चुकामूक झाली की तू जागची हलायचं नाहीस. शोधायचं काम माझं." आत्या हो म्हणाली आणि पुढे एकदाही तिने ते पाळलं नाही. बसस्टँड असो, दवाखाना असो, चुकामूक झाली की ही बाई पिशवी सावरत निघालीच. "थांबून कोणाला कोणी सापडलंय का?" असं वर आम्हालाच विचारायची. आतोबा कपाळाला हात लावायचे.

दोघांचा धंदा होता वाळवंटात पाहुण्यांना एका रात्रीच्या मुक्कामाला नेण्याचा. एक जुनी जीप, थोडे तंबू आणि एक स्वयंपाकाचा तंबू. जीप आतोबांची, स्वयंपाक आत्याचा, आणि शहरात जिन्याखालच्या कपाटाएवढ्या खोलीत बसून फोनवर बुकिंग घेणं माझं. आत्या ठेंगणी, दंडाने भक्कम, राग कायम नाकावर. वाळूशी तिचं उभं वैर. पिठात, चहात, दातांखाली आलेल्या कणाकणाला ती नावं ठेवायची. एखादा पाहुणा डोळे मिटून "काय शांतता आहे!" म्हणाला की ती माझ्या कानाशी पुटपुटायची, "भांडी घासायला ये म्हणावं, आवाज येईल." आणि वळून त्याच पाहुण्याला हसून विचारायची, "अजून चहा घेणार ना?"

आतोबा अगदी उलटे. कोणाला नाही म्हणायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. रात्री अंथरुणात आठवलं की गाडीत कोणाची टोपी राहिलीय, तर उठून देऊन यायचे. त्यांना साखरेचा आजार होता. संध्याकाळची गोळी घेतल्यावर वेळेत पोटात काही गेलं नाही तर घाम फुटायचा, पाय लटपटायचे, माणूस भलतंच बोलायला लागायचा. म्हणून आत्या जीपच्या खणात बिस्किटांचा पुडा ठेवायची आणि तो संपला की संपल्याबद्दल आणि संपला नाही की न संपल्याबद्दल त्यांना बोलायची.

त्या खेपेला आत्याच्या हाताखालची बाई सुट्टीवर होती म्हणून मी सोबत गेले. डांबरी रस्ता संपतो तिथे पेट्रोलपंप आहे. पाहुणे आपापल्या गाड्या तिथे ठेवतात आणि आमच्या जीपमध्ये बसतात. आतोबा खाली वाकून चारही चाकांची हवा कमी करतात, म्हणजे टायर मऊ होऊन वाळूवर पसरतो आणि रुतत नाही. हवा फुसफुस करत जात असताना त्यांचं ठरलेलं भाषण चालायचं. "एकच नियम पाळा. गाडी बंद पडली तरी गाडी सोडून चालायला लागायचं नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही." पाहुणे शाळेतल्या पोरांसारखे माना हलवायचे.

वाटेत काट्याने एक चाक पंक्चर झालं. आतोबांनी स्टेपनी लावली, पाहुण्यांनी फोटो काढले, आणि आम्ही दुपार कलायच्या आत मुक्कामाला पोहोचलो. पोहोचल्याबरोबर आत्याने नेहमीप्रमाणे जीपच्या मागून पायपंप काढला. पाहुण्यांच्या हवेच्या गाद्या त्यानेच फुगवायच्या. चाकात हवा भरायलाही तोच. जीप एकदा आली की सकाळपर्यंत हलत नसे, त्यामुळे रात्री पंप तंबूत असतो याचा इतक्या वर्षांत कोणी कधी विचारच केला नव्हता.

आणि मग एका पाहुण्याची उशी आली. म्हणजे आली नाही, हाच घोळ. त्यांच्या मानेला दुसरी कुठलीच उशी चालत नव्हती आणि ती नेमकी पेट्रोलपंपावर त्यांच्या गाडीत राहिली होती. माणूस वाईट नव्हता. खरंच मान धरून बसला होता, पुन्हा पुन्हा "जाऊ द्या, राहू द्या" म्हणत होता, आणि असं म्हणत होता की कोणाला राहवू नये. आतोबांनी त्यांच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली.

"उशीसाठी जाताय?" आत्याचा तिळपापड झाला. "माझ्या कणकेच्या पोत्याची उशी करून देते त्यांना."

"अगं, अंधार पडायच्या आत येतो. जेवायलाच येतो."

"गोळी?"

"घेतली. तू आधण ठेव."

शेवटच्या टेकडीवर आले की ते हॉर्न वाजवायचे, दोनदा तुटक, एकदा लांब, आणि तो ऐकून आत्या चहाचं आधण ठेवायची. जीप टेकडीआड गेली तेव्हा ती गाद्या फुगवत होती. पंपावर पाय आपटत, उशीवाल्यांचा राग पंपावर काढत.

ऊन उतरलं. वारा उठला. हॉर्न वाजला नाही. आत्याने आधण ठेवलं, उकळलं, उतरवलं. पुन्हा ठेवलं. अंधार पडला तेव्हा ती एका तंबूपाशी गादी बघायला गेली आणि दारात पडलेल्या पायपंपावर तिचा पाय पडला. मी तिच्या मागेच होते. ती वाकली, पंप उचलला आणि नुसती बघत राहिली. 

"स्टेपनी दुपारीच लागली," ती अगदी हळू म्हणाली. "आता पंक्चर झालं असेल तर ते भोक बुजवतील. पण हवा कशाने भरतील गं?"

फोनला तिथे रेंज नाही. दुसरी गाडी नाही. मी म्हटलं, "चल आत्या, पंप घेऊन आपणच जाऊ. चाकांच्या खुणा असतील."

ती निघालीच होती. पंप खांद्यावर टाकून चार ढांगा गेलीही. मग वाळूचा एक लोट आला आणि आमच्याच पावलांच्या खुणा आमच्या डोळ्यांदेखत पुसल्या गेल्या. ती थांबली. मागे वळून तंबूंकडे बघितलं. तिथे पाहुणे हसत होते, एक लहान मूल कंटाळून रडत होतं.

"यांना कोणाच्या भरवशावर सोडू?" ती म्हणाली. "घाबरून एक जरी उठून चालायला लागला तर संपलं. आणि ते गाडीत बसले असतील. गाडी सोडायची नाही असं जगाला तेच सांगतात. पाणी आहे, बिस्किटं आहेत." मग स्वतःलाच बजावल्यासारखी म्हणाली, "चुकामूक झाली की मी थांबायचं. कधी नाही ते आज थांबते."

ती रात्र कोणाच्या वैऱ्यालाही नको. आत्याने सूप वाढलं, भात वाढला, कोणाला मीठ, कोणाला लिंबू. हसली. उशीवाल्यांनी विचारलं, "काकू, माझी उशी आली का हो?" ती म्हणाली, "येतेय, येतेय." तंबूत आली आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली. काठीला कंदील बांधला, पण वाऱ्याने वाळू अशी उडत होती की दहा पावलांवरून तो दिसेना. एकदा तिने मोठं पातेलं आणि डाव हातात घेतला, वाजवायला. मग पाहुणे जागे होतील, विचारतील, घाबरतील म्हणून खाली ठेवला. "गाडीत काचा लावून बसलेल्या माणसाला ऐकू तरी येणार आहे का?" असं मला म्हणाली. पुन्हा पुन्हा ती एकच विचारत होती, "बिस्किटं खाल्ली असतील ना गं? पुडा नवा होता. मीच ठेवला होता."

उजाडलं तसा वारा पडला. आत्याने पाहुण्यांना गोळा करून खरं ते सांगून टाकलं. त्यांच्यात एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. इथून कोणी हलणार नाही, ते मी बघते." उशीवाले पांढरेफटक पडले. पंप आत्याने खांद्यावर घेतला, पाणी मी घेतलं, आणि आम्ही पेट्रोलपंपाच्या दिशेने निघालो.

जीप फार लांब नव्हती. हेच तर सहन होत नाही. तास-दीड तासाची चाल असेल, एका उताराच्या पायथ्याशी ती एका कुशीवर कललेली उभी होती. आत्या धावत सुटली. "अहो! अहो!" म्हणत तिने दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

पंक्चर झालेल्या चाकाचं भोक व्यवस्थित बुजवलेलं होतं. नुसती हवा भरायची राहिली होती. स्टेपनीची जागा रिकामी. दुपारी पंक्चर झालेलं चाक पेट्रोलपंपावर दुरुस्तीला टाकून, उजेड जाईल म्हणून ते तसेच घाईने परत निघाले होते, हे आम्हाला नंतर पेट्रोलपंपवाल्याने सांगितलं. जीपची किल्ली पुढच्या चाकावर, दोघांच्या ठरलेल्या जागी. आणि आत्या ज्या सीटवर बसायची त्या सीटवर पाण्याची बाटली. अर्धी भरलेली, बूच घट्ट लावलेली. तिच्या शेजारी बिस्किटांचा पुडा. निम्मा खाल्लेला, उरलेला तोंड दुमडून रबर लावून ठेवलेला.

मला काही कळेना. "अर्धंच खाऊन-पिऊन का गेले? आणि गाडी सोडलीच का?"

आत्या पुडा हातात घेऊन खाली वाळूतच बसली.

"माझ्यासाठी ठेवलंय," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, ही काही थांबायची नाही. पंप दिसला की निघेल, वाऱ्यात वाट चुकेल. म्हणून मला अडवायला निघाले. आणि वाटेत चुकामूक होऊन मी इथे पोहोचले तर तहानलेली असेन म्हणून..." मग एकदम ओरडली, "थांबले होते हो मी! काल थांबले होते!"

त्या मोकळ्या वाळूत तिला ओ द्यायला कोणी नव्हतं. मी तिला उठवलं. चाकात हवा तिनेच भरली. मला पायसुद्धा लावू दिला नाही. गाडी मी चालवली. मला डांबरी रस्त्याची सवय, पण शेजारी बसून इतकी वर्षं आतोबांची बडबड ऐकलेली आत्या त्यांचेच शब्द मला सांगत होती. "ब्रेक नको. चढावर थांबू नकोस. स्टिअरिंग घट्ट धरू नकोस, गाडीला तिची वाट घेऊ दे." आणि सगळा वेळ तिचा हात हॉर्नवर. दोनदा तुटक, एकदा लांब. कुठे बसले असतील तर कळावं, गाडी आली. प्रत्येक झुडपामागे ती वाकून बघत होती. सावली दिसली की "ते बघ!" म्हणत होती. ते नसायचे.

मुक्काम दिसला तेव्हा तंबूंपाशी कोणी नव्हतं. सगळे पाहुणे स्वयंपाकाच्या तंबूमागच्या टेकडीवर उभे होते. आमच्याकडे बघत होते, पण हात कोणी हलवत नव्हतं. आत्याने हॉर्नवरचा हात काढला.

रात्री वाऱ्यात आतोबा मुक्कामाजवळून पुढे निघून गेले होते. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर ते पाठीवर पडलेले होते, जिथे आत्याने पातेलं वाजवलं असतं तर कदाचित ऐकू गेलं असतं. कदाचित नसतंही. मी तिला हजारदा सांगितलं की त्या वाऱ्यात काही ऐकू गेलं नसतं, ती नुसती ऐकून घेते. नर्सबाई त्यांच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी आत्याकडे बघून नुसती मान हलवली.

आतोबांचं डोकं वाळूत होतं. केसांत, भुवयांत, कानांत वाळू. आणि उशी छातीवर, दोन्ही हातांखाली. तिची प्लास्टिकची पिशवीसुद्धा उघडलेली नव्हती, वरची गाठ तशीच. उशीवर एक डाग नव्हता.

आत्या गुडघ्यांवर बसली. तिने पदराने त्यांच्या कानातली वाळू काढली. मग ती गाठ सोडायला लागली, सुटेना, तेव्हा दातांनी पिशवी फाडली, त्यांची मान एका हाताने उचलली आणि उशी खाली सरकवली.

"रात्रभर डोकं खाली," ती म्हणाली. "घ्यायची तरी होती."

उशीवाले पाठीमागे उभे राहून ढसाढसा रडत होते. आत्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही त्यांना फाडून खाणार. ती म्हणाली, "तुमची आहे ती. धुऊन पाठवते."

जीप आम्ही विकली. आत्या आता माझ्याकडे असते. राग अजून नाकावर आहे, कणकेत खडा लागला की दुकानदाराचा उद्धार होतो, सगळं तसंच. फक्त एक गोष्ट बदलली. परवा बाजारात आमची चुकामूक झाली. गर्दी एवढी की मी तासभर तिला शोधत फिरले. शेवटी जिथून आम्ही वेगळ्या झालो होतो तिथे परत गेले, तर ती भररस्त्यात पिशवी धरून उभी. लोक धक्के देत होते, हातगाडीवाला ओरडत होता, एक पोलीस तिला बाजूला व्हायला सांगून थकला होता.

"अगं, निदान कडेला तरी उभी राहायचीस," मी म्हटलं.

"हललेच नाही बघ," ती म्हणाली. "मी थांबते आता."